परार्थानुमान : ऐकणाऱ्याला पटेल असा युक्तिवाद कसा उभारावा?

आपल्या सभा-संमेलनांत, वर्षावासातील प्रवचनमालांत आणि जयंतीच्या व्यासपीठांवर एक दृश्य नेहमी पाहावयास मिळते. वक्ता चातुर्वर्ण्यावर घणाघाती प्रहार करतो, अंधश्रद्धेचा समाचार घेतो, श्रोते टाळ्यांचा कडकडाट करतात आणि सभा विसर्जित होते. परंतु टाळ्या वाजविणारे हे श्रोते सभेस येण्यापूर्वीच वक्त्याशी सहमत असतात. तोच वक्ता दुसऱ्या दिवशी कचेरीतील सहकाऱ्याशी, गावातील अन्य समाजाच्या शेजाऱ्याशी, किंवा देव्हारा हलवू न देणाऱ्या स्वतःच्याच आजीशी बोलू लागला म्हणजे तेच मुद्दे आणि तीच उदाहरणे निष्प्रभ ठरतात. मग समोरच्या माणसाला सत्य ऐकावयाचेच नाही असे आपण म्हणतो आणि स्वतःचे समाधान करून घेतो. काही वेळा ते खरेही असते. परंतु पुष्कळदा दोष ऐकणाऱ्याचा नसतो, युक्तिवादाच्या उभारणीचा असतो.

धम्म हा सांगण्याचा आणि पटवून देण्याचा विषय आहे. तो तलवारीने पसरला नाही व राजाज्ञेने टिकला नाही. म्हणूनच दुसऱ्याला एखादी गोष्ट कशी पटवावी, या प्रश्नाचा विचार बौद्ध परंपरेने फार बारकाईने केलेला आहे. या विचाराचे सूत्र असे सांगता येईल : श्रोता बदलला की युक्तिवादाचा आरंभ बदलतो, परंतु निष्कर्ष बदलत नाही. प्रस्तुत लेखात हे सूत्र प्रथम बौद्ध न्यायशास्त्राच्या, नंतर पाली सुत्तांच्या आणि शेवटी प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. स्वतःसाठी अनुमान आणि दुसऱ्यासाठी अनुमान

बौद्ध न्यायशास्त्राचा पाया घालणारे आचार्य दिङ्नाग आणि सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्ती यांनी अनुमानाचे दोन प्रकार मानले आहेत : स्वार्थानुमान आणि परार्थानुमान. येथे 'स्वार्थ' या शब्दाचा अर्थ आपमतलब असा नाही. स्वतःला ज्ञान व्हावे म्हणून केलेले ते स्वार्थानुमान, आणि दुसऱ्याला ज्ञान व्हावे म्हणून शब्दांत मांडलेले ते परार्थानुमान. धर्मकीर्तींच्या 'न्यायबिंदु' या ग्रंथाचे तीन परिच्छेद आहेत. पहिल्यात प्रत्यक्षाचा, दुसऱ्यात स्वार्थानुमानाचा विचार असून तिसरा संपूर्ण परिच्छेद परार्थानुमानास दिलेला आहे. स्वतः समजून घेणे आणि दुसऱ्यास समजावून देणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या मांडणीत गृहीत धरलेले आहे.

डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तेथे अग्नी आहे असे आपण अनुमान करतो. यातील धूर हा 'हेतू' होय. हा हेतू खरा ठरावा यासाठी त्यास तीन कसोट्या लावल्या जातात. पहिली, हेतू प्रस्तुत स्थळी खरोखर असला पाहिजे. डोंगरावर धूर असलाच पाहिजे. दुसरी, जेथे साध्य निश्चितपणे आहे अशा स्थळी, उदाहरणार्थ पेटलेल्या चुलीच्या स्वयंपाकघरात, तो आढळला पाहिजे. तिसरी, जेथे साध्य नाही अशा स्थळी, उदाहरणार्थ तळ्यात, तो मुळीच आढळता कामा नये. यालाच हेतूचे त्रैरूप्य म्हणतात.

आता समजा, आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला डोंगरावर दिसते ते धुके आहे असे वाटते. अशा वेळी 'जेथे धूर तेथे अग्नी' हा नियम आपण त्यास दहा वेळा ऐकविला तरी काय उपयोग? नियम त्यास मान्यच आहे. त्यास मान्य नाही तो धूर. आचार्य शंकरस्वामी यांच्या 'न्यायप्रवेश' या ग्रंथात या दोषाला 'अन्यतरासिद्ध' असे नाव आहे. वादी आणि प्रतिवादी यांपैकी एकालाच जो हेतू मान्य आहे तो अन्यतरासिद्ध होय. ग्रंथकाराने दिलेले उदाहरण उद्बोधक आहे. 'शब्द अनित्य आहे, कारण तो उत्पन्न केलेला आहे' हे अनुमान बौद्धांच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु शब्द उत्पन्न होत नसून केवळ प्रकट होतो असे जो मानतो, त्याच्यापुढे हाच हेतू असिद्ध ठरतो. तेच वाक्य एका श्रोत्यापुढे सिद्ध आणि दुसऱ्यापुढे सदोष ठरते. तेव्हा एक तर हेतू आधी सिद्ध करावा, अथवा दोघांनाही मान्य असलेला, म्हणजे उभयसिद्ध असा, दुसरा हेतू शोधावा.

याचा एक परिणाम आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. 'वेदांत सांगितले आहे' हा हेतू आपल्यापुढे चालत नाही, हे आपण ठासून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच न्यायाने 'बाबासाहेबांनी सांगितले आहे' किंवा 'त्रिपिटकात सांगितले आहे' हा हेतू, जो बाबासाहेबांना किंवा त्रिपिटकाला प्रमाण मानत नाही त्याच्यापुढे चालणार नाही. याचा अर्थ बाबासाहेबांचे म्हणणे चुकीचे आहे असा नाही. ते म्हणणे ज्या कारणांवर उभे आहे ती कारणे आपण समोरच्यापुढे ठेवली पाहिजेत, नुसते नाव ठेवून भागणार नाही. केसपुत्त येथील कालामांना भगवान बुद्धांनी हीच दिशा दाखविली. परंपरा, ग्रंथ, वक्त्याचे व्यक्तिमत्त्व किंवा 'हे आपले गुरू आहेत' ही भावना, यांपैकी कशाच्याही आधारे स्वीकार करू नका असे सांगून त्यांनी कालामांनाच विचारले की लोभ, द्वेष आणि मोह मनुष्याच्या हिताचे की अहिताचे. उत्तर कालामांनी स्वतः दिले. तेथे अनुमानाचा आधार बुद्धवचन हा नव्हता, कालामांचा स्वतःचा अनुभव हा होता.

२. अस्सलायन सुत्त : प्रतिपक्षाच्या घरातील पुरावा

परार्थानुमानाचा शास्त्रीय विचार नंतरच्या काळातील असला तरी त्याचे आचरण सुत्तपिटकात जागोजागी दिसते. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त हा त्याचा एक उत्कृष्ट नमुना होय.

श्रावस्तीत नाना प्रदेशांतून पाचशे ब्राह्मण काही कामानिमित्त आलेले होते. श्रमण गोतम चारही वर्णांची शुद्धी प्रतिपादन करतो, त्याच्याशी वाद कोण करील, असा प्रश्न त्यांच्यात निघाला. सोळा वर्षे वयाचा, तीनही वेदांत पारंगत असलेला अस्सलायन नावाचा तरुण त्यांनी निवडला. गोतम धम्मवादी आहे व धम्मवाद्याशी वाद करणे कठीण असते, असे सांगून त्याने नकार दिला. परंतु तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर तो तयार झाला. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण असून ब्राह्मण हे ब्रह्म्याच्या मुखापासून जन्मले आहेत, हा त्याचा पक्ष होता.

या पक्षाला भगवंतांनी दिलेले उत्तर क्रमाक्रमाने पाहण्यासारखे आहे. ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात, बालकास दूध पाजतात, हे सर्वांना दिसते की नाही? यवन आणि कंबोज या देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण असून तेथे आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो, हे ऐकिवात आहे की नाही? हत्या, चोरी, असत्य यांचे वाईट फळ क्षत्रिय, वैश्य व शूद्र यांनाच मिळते आणि ब्राह्मणाला मिळत नाही, असे आहे काय? मैत्रीयुक्त चित्त केवळ ब्राह्मणालाच साधते काय? नदीवर जाऊन अंगाचा मळ धुणे एकट्या ब्राह्मणालाच शक्य आहे काय? एकाने साल वा चंदनाच्या लाकडावर अग्नी पेटविला आणि चांडाळ वा निषाद कुळातील दुसऱ्याने कुत्र्याच्या किंवा डुकराच्या द्रोणीच्या लाकडावर अथवा एरंडाच्या लाकडावर पेटविला, तर दुसऱ्या अग्नीला ज्योत, वर्ण आणि प्रकाश नसतो काय?

या प्रश्नांत 'माझ्या धम्मात असे सांगितले आहे' असे भगवंत एकदाही म्हणत नाहीत. जन्म हा सर्वांच्या डोळ्यांसमोरचा विषय आहे. सीमेपलीकडील देशांची वार्ता अस्सलायनाला ठाऊक आहे. कर्माचे मरणोत्तर फळ तो मानतोच. स्नान आणि अग्नी हे तर त्याच्या नित्य आचाराचे विषय आहेत. प्रत्येक हेतू उभयसिद्ध आहे आणि बहुतेक हेतू अस्सलायनाच्याच घरातून घेतलेले आहेत. सर्व वर्णांतील माणसे एकाच प्रकारे जन्मतात, हे भगवंत त्याला सिद्धान्त म्हणून ऐकवीत नाहीत. ते विचारतात आणि उत्तर तो देतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत मार्मिक आहे. दोन सख्खे ब्राह्मण बंधू आहेत. एक अध्ययन केलेला व उपनयन झालेला, दुसरा तसा नसलेला. श्राद्धात किंवा यज्ञात प्रथम भोजन कोणास द्याल? अस्सलायन सांगतो, अध्ययन केलेल्यास. पुढे भगवंत विचारतात, अध्ययन केलेला बंधू दुःशील आहे आणि अध्ययन न केलेला बंधू शीलवान आहे, तर प्रथम कोणास द्याल? अस्सलायन सांगतो, शीलवानास. कारण दुःशीलाला दिलेल्या दानाचे मोठे फळ कसे मिळेल? तेव्हा भगवंत त्याच्या दृष्टीस आणून देतात की तो प्रथम जन्मावर उभा होता, जन्म सोडून मंत्रांवर आला, मंत्र सोडून शीलावर आला, आणि आता ज्या चातुर्वर्ण्यशुद्धीचे खंडन करण्यासाठी तो आला होता तेथेच येऊन पोहोचला आहे. अस्सलायन निरुत्तर होतो आणि संवादाच्या अखेरीस उपासक होतो.

दोघे बंधू एकाच आईबापांचे घेतले आहेत, म्हणजे जन्माचा घटक दोहोंकडे समान ठेवला आहे. जन्म समान असताना मानात फरक पडतो, याचा अर्थ तो फरक जन्मामुळे पडत नाही. हे उदाहरण कसोटीसारखे रचलेले आहे. आणि कसोटीचे साहित्य आहे श्राद्धाची पंगत. ज्या विधीवर भगवंतांचा धम्म उभा नाही त्याच विधीतील प्रतिपक्षाचा व्यवहार त्यांनी पुरावा म्हणून घेतला. कारण पटवून घ्यावयाचे होते ते अस्सलायनाला.

३. सोणदण्ड सुत्त : श्रोत्याची प्रतिष्ठा आणि युक्तिवादाची मर्यादा

अस्सलायन तरुण होता. दीघ निकायातील सोणदण्ड हा चंपानगरीतील वयोवृद्ध व प्रतिष्ठित ब्राह्मण होता. गग्गरा पुष्करिणीच्या काठी तो भगवंतांच्या भेटीस निघाला तेव्हा त्याचे चित्त तत्त्वचिंतेने नव्हे, तर भीतीने ग्रासलेले होते. आपण विचारलेला प्रश्न चुकीचा ठरला, किंवा श्रमण गोतमाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपणास आले नाही, तर या समुदायात आपली नाचक्की होईल, आणि मान गेला की प्राप्तीही जाईल, असे त्याला वाटत होते. भगवंतांनी ही अवस्था ओळखली आणि त्याला त्याच्याच विषयातील प्रश्न विचारला : कोणत्या गुणांनी युक्त असलेल्या माणसाला ब्राह्मण म्हणावे?

सोणदण्डाने पाच गुण सांगितले : दोन्ही कुळांकडून शुद्ध जन्म, मंत्रांचे ज्ञान, देहाचे सौंदर्य, शील आणि प्रज्ञा. यांपैकी एखादा वगळता येईल काय, असे विचारल्यावर त्याने प्रथम रूप वगळले, मग मंत्र, मग जन्मही वगळला. बरोबरचे ब्राह्मण ओरडू लागले. तेव्हा सोणदण्डाने त्यांना आपल्याच भाच्याकडे बोट दाखविले. हा अंगक रूपवान आहे, विद्वान आहे, सुजात आहे. पण त्याने हत्या, चोरी, व्यभिचार केला तर रूप, मंत्र आणि जन्म काय करतील? जातीचा अहंकार खोडून काढणारा युक्तिवाद येथे प्रतिपक्षाच्या तोंडून, प्रतिपक्षाच्याच समुदायापुढे झाला. भगवंतांनी त्याची मानहानी केली असती तर तो प्रतिष्ठा वाचविण्यासाठी जन्माला चिकटून बसला असता.

परंतु हे सुत्त येथे संपत नाही, आणि त्याचा शेवट आपल्याला अधिक शिकवितो. उपासक झाल्यावर सोणदण्ड विनंती करतो की भर सभेत आपण भगवंतांना उठून वंदन केले तर आपले लोक आपला तिरस्कार करतील. तरी आपण नुसते हात जोडले तर ते उठून उभे राहण्याच्या ठिकाणी समजावे. त्याची बुद्धी पटली, पण त्याचा संसार, त्याचे उत्पन्न आणि त्याचा समाज जेथल्या तेथे राहिला. युक्तिवाद मत बदलू शकतो. मत बदललेल्या माणसाला त्याची किंमत मोजण्याचे बळ युक्तिवाद देईलच असे नाही. ते बळ संघ देतो, संघटन देते. आपल्या गावातील एखादा सवर्ण मित्र एकांतात सर्व मान्य करतो आणि चावडीवर गप्प बसतो, तेव्हा आपल्यासमोर सोणदण्ड उभा असतो. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे. त्याला उभे राहता येईल अशी जागा निर्माण करणे, हे युक्तिवादापलीकडचे काम आहे.

४. वाद कोणाशी व केव्हा करू नये

प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे असे बौद्ध परंपरा मानत नाही. अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : सरळ एकच उत्तर देण्याजोगा, विभागून उत्तर देण्याजोगा, उलट प्रश्न विचारून उत्तर देण्याजोगा आणि बाजूस ठेवण्याजोगा. 'तुम्ही देव मानता की नाही?' असा प्रश्न आपल्याला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात 'देव' या शब्दाचा अर्थ सृष्टिकर्ता आहे, कुलदैवत आहे की केवळ सदाचाराची भीती आहे, हे आधी विचारून घेतल्यावाचून 'नाही' म्हटले तर उत्तर खरे असूनही संवाद तेथेच तुटतो. असा प्रश्न विभागून, किंवा उलट विचारूनच सोडवावा लागतो.

संवादापूर्वी अटही घालता येते. निगंठांचा उपासक उपालि गहपती नालंदा येथे वाद करण्यास आला, तेव्हा सत्यावर आधारून बोलणार असशील तर आपण चर्चा करू, असे भगवंतांनी त्यास प्रथम सांगितले. चर्चेनंतर उपालि शरण आला, तेव्हा त्याच्यासारख्या प्रसिद्ध माणसाने पूर्ण विचार करूनच असा निर्णय घ्यावा, असे त्यांनी त्याला सुचविले. आणि निगंठांना त्याच्या घरी मिळणारी भिक्षा बंद करू नये असेही सांगितले. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातही भदंत नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतात की आपण पंडितांप्रमाणे वाद करणार की राजांप्रमाणे. पंडितांच्या वादात चूक दाखविली जाते, मान्यही केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात मतभेद करणाऱ्याला दंड होतो. राजाने पहिला पर्याय मान्य केल्यावरच चर्चा सुरू झाली. ज्या ठिकाणी समोरचा माणूस बळाने किंवा संख्येने उत्तर देणार आहे, त्या ठिकाणी तर्काचा नव्हे, तर कायद्याचा आणि संघटनेचा आधार घ्यावा लागतो.

५. मे १९३६ : एक निष्कर्ष, दोन श्रोतृवर्ग

आधुनिक काळात या पद्धतीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बाबासाहेबांच्या एकाच महिन्यातील दोन मांडण्यांत सापडते.

लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद देऊ केले होते. हे मंडळ आर्यसमाजी वळणाच्या सवर्ण सुधारकांचे होते. त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेले भाषण 'जातिभेद निर्मूलन' या नावाने आपल्याकडे ओळखले जाते. त्यात अस्पृश्यांच्या दुःखाचा उल्लेख आहे, परंतु युक्तिवादाचा फार मोठा भाग सुधारकांच्या स्वतःच्या आकांक्षांवर उभारलेला आहे. जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे असे समर्थन तो वर्ग ऐकत व सांगत आला होता. बाबासाहेब दाखवून देतात की ती केवळ श्रमाची नसून श्रमिकांची विभागणी आहे. शुद्धी आणि संघटन हे त्या श्रोत्यांचे प्रिय कार्यक्रम होते. बाबासाहेब विचारतात की धर्मात आणलेल्या माणसाला कोणत्या जातीत घेणार, आणि जातीजातींत विभागलेल्या लोकांचे संघटन कसे होणार. पंजाबातील श्रोत्यांपुढे ते भगवान बुद्धांबरोबर गुरू नानकांचे उदाहरण ठेवतात. शास्त्रांच्या प्रामाण्यावरील श्रद्धा नष्ट झाल्यावाचून जात नष्ट होणार नाही, या निष्कर्षापर्यंत ते श्रोत्यांना त्यांच्याच वाटेने नेतात.

त्याच महिन्याच्या ३० व ३१ तारखेस मुंबई येथे मुंबई इलाखा महार परिषद भरली. तेथील भाषण 'मुक्ती कोण पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे. श्रोते बदलले, भाषा मराठी झाली आणि हेतूही बदलले. शुद्धी-संघटनाचा मुद्दा येथे मांडण्याचे कारणच नव्हते. येथे हेतू होता तो श्रोत्यांचा रोजचा अनुभव : पाणवठ्यावरचा मज्जाव, चांगले कपडे घातल्याबद्दल होणारी मारहाण, अत्याचारापुढील असहायता. मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ या तीन बळांच्या दृष्टीने आपली स्थिती काय आहे हे त्यांनी हिशेबाप्रमाणे मांडले. धर्मांतराचा विचार त्यांनी सामाजिक व धार्मिक, ऐहिक व आध्यात्मिक अशा दोन्ही बाजूंनी विभागून केला. प्रवासाला निघण्यापूर्वी नावाड्याला करावी लागणारी तयारी त्यांनी दृष्टान्तासाठी घेतली. ज्यांनी ग्रंथ वाचलेले नव्हते त्यांनाही यातील प्रत्येक पायरी स्वतःच्या अनुभवाने तपासून पाहता येत होती.

तिसरा श्रोता होता न्यायालय. २० मार्च १९२७ रोजीच्या महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला. माणुसकीचा प्रश्न तोच होता, पण न्यायालयापुढील वाद मालकी आणि रूढी या मुद्द्यांवर चालला : तळे कोणाच्या मालकीचे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे सिद्ध होते काय. अशी रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. महाडच्या तळ्यावर जे आवाहन हजारोंना हलवून गेले ते न्यायालयात पुरावा ठरले नसते. आणि न्यायालयातील मुद्द्यांनी तळ्यावर कोणीही ओंजळ भरली नसती.

६. अनुनय आणि लांगूलचालन

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. श्रोत्याला रुचेल तेथून आरंभ करावयाचा, तर हळूहळू श्रोत्याला रुचेल तेच बोलण्याची सवय लागणार नाही काय? हा धोका खरा आहे. म्हणून सीमारेषा स्पष्ट असली पाहिजे.

अभयराजकुमार सुत्तात ही रेषा आखलेली आहे. जे असत्य व अहितकारक आहे ते तथागत बोलत नाहीत, मग ते ऐकणाऱ्याला कितीही प्रिय असो. जे सत्य आहे पण हितकारक नाही तेही बोलत नाहीत. जे सत्य आणि हितकारक आहे ते, प्रिय असो वा अप्रिय, योग्य वेळ पाहून बोलतात. म्हणजे सत्य आणि हित या अटी अचल आहेत. श्रोत्याकडे पाहून ठरते ती वेळ आणि वाट. हे सांगताना भगवंतांनी वापरलेले उदाहरणही पाहावे. राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल होते. या मुलाच्या घशात काटकी किंवा खडा अडकला तर तू काय करशील, असे त्यांनी विचारले. रक्त आले तरी बाहेर काढीन, कारण मुलाविषयी मला अनुकंपा आहे, असे राजकुमाराने उत्तर दिले. अप्रिय सत्य का बोलावे लागते, हे त्याला त्याच्या मांडीवरील मुलावरून समजले.

लाहोर प्रकरणातही हेच दिसते. मंडळाने भाषणातील अडचणीचा वाटणारा भाग गाळण्याची सूचना केली, तेव्हा बाबासाहेबांनी ती साफ नाकारली. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापून त्याच्या १,५०० प्रती प्रसिद्ध केल्या. श्रोत्यांना समजेल असा आरंभ त्यांनी निवडला होता. श्रोत्यांसाठी निष्कर्ष सोडून देण्यास ते तयार नव्हते. आचार्य धर्मकीर्तींनीही 'वादन्याय' या ग्रंथात वादातील छल-कपटाला सज्जनांच्या चर्चेत स्थान नाकारले आहे. शब्दच्छल करून समोरच्याला गप्प करता येते, परंतु त्याला ज्ञान होत नाही. आणि ज्ञान झाले नाही तर ते परार्थानुमानच नव्हे.

७. आपल्या घरातील एक उदाहरण

आता आरंभी उल्लेखिलेल्या आजीकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या अनेक कुटुंबांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या. ज्याने प्रतिज्ञा मनापासून स्वीकारली आहे त्याच्याशी बोलताना प्रतिज्ञा हा उभयसिद्ध हेतू आहे. तिची आठवण करून देणे पुरेसे ठरते. परंतु काही घरांत वंदनाही होते आणि कोपऱ्यात देवीचा टाकही असतो. शिकलेला नातू तो टाक उचलून नदीत टाकतो आणि आपण प्रबोधन केले असे समजतो. आजी मात्र महिनाभर धास्तावते, आणि घरात कोणी तापाने फणफणले की तिची जुनी श्रद्धा अधिकच घट्ट होते.

नातवाने तिला प्रथम विचारले पाहिजे की टाक का ठेवावासा वाटतो. बहुतेक वेळा उत्तर येते, 'लेकराबाळांना काही होऊ नये म्हणून.' म्हणजे तिचा हेतू देवभक्ती नसून भय आहे, आणि त्या भयामागे माया आहे. मग आरंभ तेथून करावा. तिच्या पिढीने देवीचा रोग पाहिलेला किंवा ऐकलेला आहे. त्या रोगाला नावच देवीचे होते. तो देवीच्या कोपाने होतो असे मानले जात असे. तिच्या दंडावर देवी टोचल्याचा व्रण असतो. १९७५ नंतर भारतात हा रोग उरला नाही, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. ज्या घरांत देव्हारा होता तेथूनही तो गेला आणि ज्या घरांत नव्हता तेथूनही गेला. नैवेद्य बंद केलेल्या घरांत तो परत आला नाही. मग लेकरांना कोणी वाचविले, असे आजीलाच विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. येथे हेतूच्या कसोट्या लागू पडतात, आणि पुरावा कोणत्याही ग्रंथात नसून आजीच्या स्वतःच्या दंडावर आहे. टाक त्या दिवशी हलणार नाही कदाचित. पण तो नंतर हलेल तेव्हा आजीच्या हाताने हलेल.

समारोप

वरील विवेचनावरून काही कसोट्या हाती येतात. आपला हेतू समोरच्याला मान्य आहे काय, हे आधी पाहावे. नसेल तर तो सिद्ध करावा किंवा दुसरा शोधावा. उदाहरण शक्यतो त्याच्या अनुभवातून व त्याच्या व्यवसायातून घ्यावे. निष्कर्ष त्याला स्वतः काढू द्यावा. त्याचा मान राखावा. उत्तर बळाने मिळणार असेल तेथे वाद करू नये. आणि सत्य व हित यांच्याशी कोठेही तडजोड करू नये.

यात एक अट आपल्यालाही लागू होते. उपालि गहपतीला सत्यावर आधारून बोलण्याची अट घालणाऱ्या भगवंतांचे आपण अनुयायी आहोत. समोरचा माणूस आपल्यापुढे उभयसिद्ध हेतू ठेवील आणि तो निर्दोष असेल, तर आपले मत बदलण्याची तयारी आपल्याजवळ असली पाहिजे. ती नसेल तर आपण त्याच्याकडून जे मागतो ते स्वतः देत नाही, आणि हे त्याच्या लवकरच लक्षात येते. पुढील धम्मवर्गाला उभे राहण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपले भाषण एकदा डोळ्यांपुढे आणावे, समोर आपल्या विचाराचा एकही माणूस बसलेला नाही असे समजावे, आणि त्यातील किती वाक्ये उरतात ते मोजावे.